नंबर चालू आहे, माणूस नाही

चाकणच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला काम करणाऱ्या एका तरुणाला पावसाळा लागला की अजून फोन येतात. ‘दादा, न्हाणीघरात साप शिरलाय, लगेच या.’ फोन येतो कोकणातल्या त्याच्या तालुक्याच्या गावातून. ते गाव सोडून त्याला काही वर्षं झाली, पण तिथल्या एका संस्थेच्या वेबसाइटवर ‘आमचे सर्पमित्र’ या पानावर त्याचं नाव आणि मोबाइल नंबर जसाच्या तसा आहे. तो फोन तोडत नाही. यंत्रांच्या आवाजातून बाहेर गेटपाशी येतो आणि विचारतो, साप आत्ता दिसतोय का, दार लागतंय का. खालच्या फटीत पंचा कोंबा, आणि काठी घेऊन कुणी मर्दुमकी दाखवायला जाऊ नका. मग स्वतःच्या मोबाइलमधून गावातल्या दुसऱ्या एका मुलाचा नंबर सांगतो. तो मुलगा संस्थेच्या पानावर कुठेच नाही. ‘माझं नाव काढा’ असं याने संस्थेला कळवलेलं नाही. का, ते विचारलं तर घुटमळतो. गाव सुटलं, निदान त्या पानावर तरी आपण अजून गावात आहोत, असं काहीसं असावं. फोन करणाऱ्या बाईचा हिशेब मात्र सरळ आहे: घरात साप, हातात चुकीच्या माणसाचा नंबर आणि वाया गेलेली पाच मिनिटं.

संस्थेची खरी डिरेक्टरी चाकणला आहे, एका माणसाच्या खिशात.

हे असं बहुतेक ठिकाणी असतं. सुरुवात मोठ्या हौसेने होते. वर्धापनदिन जवळ आलेला असतो, कुणाचा तरी मुलगा कॉम्प्युटरचं शिकत असतो, तो चार रात्री जागून वेबसाइट उभी करतो. नावं तीन ठिकाणांहून गोळा होतात: शिबिरांची हजेरीपत्रकं, व्हॉट्सॲपचा ग्रुप आणि गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालाची शेवटची पानं. पान झळकतं, अध्यक्ष माउसवर क्लिक करून ‘लोकार्पण’ करतात, टाळ्या होतात. त्यानंतर त्या पानाकडे कुणी वळूनही बघत नाही, कारण मुलगा नोकरीला लागलेला असतो. पूर्वी मंडळांच्या, ज्ञातिसंस्थांच्या छापील सभासद सूची निघायच्या. जाड पुठ्ठा, आत पासपोर्ट आकाराचे काळपट फोटो, रक्तगट, ‘मूळ गाव’. त्यातली निम्मी माहिती चुकीची असायची तरी कुणाची फसगत होत नसे, कारण मुखपृष्ठावर साल छापलेलं असायचं आणि कडा पिवळ्या पडलेल्या दिसायच्या. अकरा वर्षांपूर्वीच्या सूचीतला नंबर फिरवताना माणूस मनाशी धरूनच चालायचा की लागला तर लागला. वेबपान जुनं झालं तरी जुनं दिसत नाही. पाच वर्षांपूर्वी भरलेली ओळ आणि काल भरलेली ओळ, दोन्ही सारख्याच ताज्यातवान्या चेहऱ्याने समोर उभ्या असतात.

म्हणून डिरेक्टरी करायला बसलं की नाव, गाव, नंबर यांच्याही आधी एक रकाना आखून घ्यावा: ‘शेवटची खात्री’. त्यात फक्त तारीख. या माणसाशी शेवटचं प्रत्यक्ष बोलून ‘हा नंबर तुमचाच ना, काम चालू आहे ना’ हे कधी विचारलं, ती तारीख. बाकी सगळे रकाने नंतर वाढवता येतात. हा एक सुरुवातीला राहिला की कायमचा राहतो.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हा प्रश्न सभेत पहिल्यांदा निघतो आणि त्याच्यावरच सगळा वेळ जातो. दोनशे-तीनशे माणसांच्या संस्थेला एक गूगल शीट आणि तिला जोडलेला एक गूगल फॉर्म पुरतो. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना गूगल वर्कस्पेसची एक आवृत्ती मोफत मिळते, ती घ्यावी, म्हणजे फाइल कुणाच्या खाजगी जीमेलवर न राहता संस्थेच्या खात्यात राहते. देणगीदार, पावत्या, कार्यक्रम असं सगळं एकत्र बांधायचं असेल तर सिव्हीसीआरएम नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते मुक्त-स्रोत आहे आणि मुळात अशाच संस्थांसाठी लिहिलेलं आहे. पण त्याला सर्व्हर लागतो आणि तो सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तो माणूस पुढच्या वर्षी असेल याची हमी नसेल, तर शीटच बरी.

यादीत कोण, हे ठरवताना खरी कसरत होते. विश्वस्त, पगारी कर्मचारी, मानधनावरचे कार्यकर्ते, नियमित स्वयंसेवक, वर्षातून एकदा शिबिराला येणारे, नुसते हितचिंतक. सगळ्यांना ‘टीम’ म्हणून एकाच पानावर ठेवलं की ज्याला पगार आहे त्याच्याकडून अपेक्षा कमी होतात आणि ज्याला नाही त्याच्याकडून वाढतात. विश्वस्तांची तर आणखी एक यादी सरकारदरबारी असते. महाराष्ट्रात विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात. वेबसाइटवर नवे विश्वस्त, उताऱ्यावर जुने, आणि देणगी देणारी कंपनी दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रश्न विचारते. तेव्हा शीटमध्ये प्रत्येक विश्वस्तापुढे ‘बदल अर्ज दाखल, तारीख’ असा रकाना असलेला बरा. पानावर कुणाचं नाव आधी यायचं, यावरून रुसवेफुगवे ठरलेले. त्यावर एकच तोडगा टिकतो: पदाधिकारी पदाच्या क्रमाने, बाकी सगळे आडनावाच्या वर्णानुक्रमाने, अपवाद नाही.

वर्णानुक्रम म्हटलं की मराठी नावांची गंमत सुरू होते. नावाच्याच रकान्यात ‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’, ‘ॲड.’, ‘मा.’ लिहिलं की क्रम लावल्यावर अर्धं गाव ‘श्री’खाली गोळा होतं. उपाधीला वेगळा रकाना द्यायचा, आणि ‘सौ.’ लिहायचं की नाही हे त्या बाईंनाच विचारायचं. नाव, मधलं नाव, आडनाव हेही वेगवेगळे. मधल्या नावाची सक्ती नको: काहींना वडिलांचं हवं असतं, काहींना नवऱ्याचं, काहींना आईचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. ती पोरं स्वयंसेवक व्हायला अजून अवकाश आहे, पण आपल्या फॉर्मने त्यांच्या आयांना आत्ताच विचारायला हरकत नाही. आणखी एक रकाना कुठल्याही तयार नमुन्यात सापडत नाही, तो आपला आपण घालायचा: ‘ओळखीचं नाव’. कागदावर दत्तात्रय असलेला माणूस गावात अण्णा असतो. पुराच्या दिवशी ‘दत्तात्रय’ कुणी शोधत नाही, ‘खालच्या आळीतले अण्णा’ शोधतात.

आणि ‘ऱ्ह’. कुऱ्हाडे, बोऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावांतला अर्धा र पडद्यावर एकसारखा दिसतो, पण आत तो दोन प्रकारांनी साठवता येतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे नुक्त्याचं वेगळं अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह. माणसाच्या डोळ्याला फरक शून्य, कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. एकाने फॉर्म फोनवर भरला, दुसरा कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर शोधतो, आणि कुऱ्हाडे सापडत नाहीत. माणूस यादीत असूनही ‘नाही’ असं उत्तर येतं, तेव्हा शोधणारा यादीला दोष देतो, अक्षराला कुणी देत नाही. यावर उपाय दोन. शीटमध्ये ‘शोधा व बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्यायचं. आणि रोमन लिपीत नावाचा एक जादा रकाना ठेवायचा, कारण फोनवर बहुतेक लोक शोधताना इंग्रजी अक्षरंच टंकतात. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांमध्ये असतील तर त्या शीटमध्ये चिकटवल्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्या युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं हमखास निसटतात. वीस-पंचवीस नावं मूळ कागदाशी ताडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गावाचं नाव मोकळं लिहू दिलं की चिपळूण, चिपळून, चिपलूण अशी तीन गावं वसतात. इथे यादीतून निवडायचा रकाना हवा, आणि त्या यादीत बुद्रुक आणि खुर्द सोडायचे नाहीत. तालुक्याचं नाव सोबत हवंच. महाराष्ट्रात वडगाव किती आहेत ते पोस्टमनलाच विचारावं.

आता नंबर. दहा आकड्यांचा साधा नंबर, त्यात बिघडण्यासारखं काय असणार? पुष्कळ. गूगल शीटमध्ये ‘अधिक ९१’ लिहून मध्ये जागा सोडून नंबर टाकला की अधिकच्या चिन्हामुळे शीट त्याला सूत्र समजते आणि चौकटीत चूक दाखवते. एक्सेलमध्ये ९१ सकट बारा आकडे टाकले की ते आपसूक दशांशचिन्ह आणि घातांक असलेल्या वैज्ञानिक रूपात दिसतात. नुसतं दिसण्यापुरतं असेल तर फार बिघडत नाही. पण तशीच फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे नुसत्या मजकुराच्या रूपात, जतन केली की जे दिसतंय तेच साठवलं जातं, मागचे आकडे खरोखर उडतात आणि पुन्हा मिळत नाहीत. म्हणून नंबरचा अख्खा रकाना आधी ‘साधा मजकूर’ करून घ्यायचा, मग आकडे भरायचे. आत्ता जे आकडे आहेत त्यांतून उजवीकडचे दहा घ्यायचे, आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ नसेल तर ओळ लाल व्हावी अशी तपासणी लावायची. फोनचा नंबर आणि व्हॉट्सॲपचा नंबर हे दोन रकाने. पुष्कळ घरांत व्हॉट्सॲप मुलीच्या फोनवर असतं. याच कारणासाठी मोबाइल नंबर हा माणसाचा ओळख क्रमांक करू नये. नवराबायकोचा एकच नंबर असतो, नंबर बदलतो, आणि बंद झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. साधा चालू क्रमांक द्यावा, ००१ पासून. त्यात तालुका, साल, विभाग असलं काही गुंफायला जाऊ नये. माणूस तालुका बदलतो आणि क्रमांक खोटं बोलायला लागतो.

शीटमधला सगळ्यांत मोठा अपघात मात्र नंबरचा नसतो, क्रम लावण्याचा असतो. कुणीतरी फक्त नावाचा रकाना निवडतो, ‘अ ते ज्ञ’ दाबतो, नावं हलतात आणि शेजारचे नंबर जागच्या जागी राहतात. दिसायला यादी सुबक, आणि प्रत्येक नावापुढे दुसऱ्याचा नंबर. लगेच लक्षात आलं तर आवृत्ती इतिहासातून मागे जाता येतं. पंधरा दिवसांनी आलं तर मधल्या सगळ्या दुरुस्त्या पाण्यात. मूळ पान संरक्षित ठेवावं, दोघांपलीकडे कुणाला त्यात लिहू देऊ नये, आणि बाकीच्यांना फिल्टर व्ह्यू वापरायला शिकवावं. त्यात ज्याला जसं हवं तसं दिसतं आणि खालची माती हलत नाही. फॉर्म पुन्हा भरून माहिती बदलायला सांगितलं की माणूस दोनदा यादीत येतो, हेही ठरलेलं. महिन्याला एकदा नंबरावरून दुहेरी ओळी शोधाव्या लागतात.

काय विचारायचं यापेक्षा काय विचारायचं नाही, हे आधी ठरवावं. आधार क्रमांक नको. ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स कपाटात वर्षानुवर्षं पडून असतात आणि त्यांचा उपयोग चोरालाच होतो. जात नको, पगार नको. कौशल्यांसाठी मोकळा रकाना ठेवला तर लोक ‘समाजसेवा’ लिहितात. त्याचं पुढे काय करायचं? त्यापेक्षा हो-नाहीचे मोजके प्रश्न. पोहता येतं का? चारचाकी आहे का, आणि चालवता का? होडी किंवा ट्रॅक्टर मिळवून देऊ शकाल का? रक्तदाब मोजता येतो का? मराठीत नीट टंकता येतं का? रात्री अकरानंतर फोन केलेला चालेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक फार प्रामाणिकपणे देतात, कारण त्यात कुणाचा मोठेपणा जात नाही. रक्तगट सगळेच विचारतात, पण नुसत्या रक्तगटाचा उपयोग अर्धाच. पुरुषाला पुन्हा रक्त देण्यासाठी ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावं लागतं, वय १८ ते ६५ लागतं. त्यामुळे ‘शेवटचं रक्तदान’ ही तारीख शेजारी नसेल तर रात्री दोन वाजता दहा जणांना उठवून त्यांतले सात जण ‘गेल्याच महिन्यात दिलंय हो’ सांगतात.

माणसाच्या ओळीत त्याचं काम लिहू नये. ऐकायला विचित्र वाटतं, पण एकच माणूस ग्रंथालयात शनिवारी बसतो, पुरात स्वयंपाकघर सांभाळतो आणि दोन वर्षांपूर्वी सर्पमित्र होता. हे सगळं एका चौकटीत स्वल्पविराम देऊन कोंबलं की शोधता येत नाही आणि कधी संपलं तेही कळत नाही. दुसरं पान करावं: क्रमांक, उपक्रम, जबाबदारी, कधीपासून, कधीपर्यंत. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं येतात, वर्षाचे १२० तास भरतात आणि परीक्षा झाली की जातात. त्यांच्या ओळीत ‘कधीपर्यंत’ पहिल्याच दिवशी भरून ठेवता येतं. चाकणच्या त्या मुलाच्या ओळीत हा एक रकाना असता तर त्याचं नाव ‘पूर्वीचे सर्पमित्र’ म्हणून पानावर राहिलंही असतं, फक्त नंबराशिवाय.

परवानगीचा भाग कंटाळवाणा समजतात. तो सगळ्यांत जपून करण्याचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली. माहिती नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि ‘आम्ही सेवाभावी’ म्हटलं म्हणून आपोआप सुटका होत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट उरते. एखादी मुलगी शिबिरात हजेरीपत्रकावर नंबर लिहिते तो तुम्ही निरोप द्यावा म्हणून. तालुक्याने बघावा म्हणून लिहीत नाही. तो नंबर पानावर चढतो आणि रात्री-अपरात्री ‘हाय’ यायला लागतात. ती संस्थेला काही बोलत नाही, पुढच्या शिबिराला येत नाही. संस्था म्हणते, ‘मुली टिकत नाहीत.’ तेव्हा फॉर्ममध्ये तीन वेगळ्या चौकटी हव्यात: माझा नंबर कार्यालयाकडे ठेवा, इतर स्वयंसेवकांना दिसू द्या, वेबसाइटवर दिसू द्या. तिन्ही कोऱ्या, आधीपासून खूण केलेली एकही नको. खाली एक ओळ: परवानगी केव्हाही मागे घेता येईल, त्यासाठी या नंबरवर कळवा. भाषा सरळ मराठी. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची परवानगी खात्रीने घ्यायची, आणि त्यांचे नंबर पानावर कुठेच नाहीत. ‘आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तीच डिरेक्टरी’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की १०२४ जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ब्रॉडकास्ट यादीत तो दिसत नाही, पण ती २५६ जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो.

कार्यालय, स्वयंसेवक, वेबसाइट असे पडदे तीन असले तरी शीट एकच ठेवून रकाने लपवायचे, हा मोह टाळावा. लपवलेला रकाना लपलेला नसतो. पाहायची परवानगी असलेला माणूस फाइलची प्रत करतो आणि तिच्यात सगळं उघडं होतं. मूळ शीट वेगळी, दाखवायची शीट वेगळी. इम्पोर्टरेंज नावाच्या सूत्राने मूळ शीटमधले ठरावीक रकानेच दुसरीत आणायचे, आणि त्या दुसरीतही कुणाला लिहू द्यायचं नाही, नाहीतर सूत्रातली दोन अक्षरं बदलून उरलेले रकाने ओढता येतात. ‘लिंक असलेला कुणीही’ ही सोय वापरली की लिंक संध्याकाळपर्यंत चार ग्रुपांत फिरते. नावं घालून परवानगी द्यावी. वेबसाइटवर चढवायचं ते कमीत कमी: नाव, जबाबदारी, परवानगी असेल तर फोटो. दोनशे फोटो फोनमधून आले तसे तीन-तीन एमबीचे चढवले तर सहाशे एमबी होतात आणि गावातल्या नेटवर पान उघडतच नाही. चारशे बाय चारशेवर आणून पन्नास केबीचे केले की सगळे मिळून दहा एमबीत बसतात. यादीचं चित्र किंवा स्कॅन मात्र कधीच चढवू नये. त्यात शोधता येत नाही, आणि नंबरवर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे, तोही लागत नाही.

मग साप निघाला तर लोकांनी फोन कुणाला करायचा? इथे नंबर जाहीर करणं हाच तर हेतू आहे. याला वैयक्तिक नंबर लागत नाही, संस्थेचा एक नंबर लागतो. साधा फोन, संस्थेच्या नावावरचं सिम, आणि कॉल पुढे वळवण्याची सोय. या आठवड्यात ज्याची पाळी त्याच्याकडे वळवायचा. नव्वद दिवस वापर नाही आणि शिल्लकही नाही अशा अवस्थेत पडलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते, म्हणून रिचार्जची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवावी. पानाच्या अगदी वर वनविभागाची १९२६, रुग्णवाहिकेची १०८ आणि कुठल्याही आणीबाणीची ११२ हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत टाकावेत. ते आपल्या यादीपेक्षा जास्त दिवस टिकतील.

खात्री करण्याचं काम वर्षातून दोनदा, मे अखेर आणि डिसेंबर. दोनशे नावं दहा जणांत वाटली की प्रत्येकी वीस फोन. दीड तास, फार तर दोन. फोनच करायचा. निळी खूण दिसली म्हणजे कुणीतरी तो निरोप पाहिला, आपला माणूसच असं नाही. विचारायचं एवढंच: नंबर हाच ना, राहायला तिथेच ना, कुठल्या कामाला बोलवू आणि कुठल्या कामाला नको. हा शेवटचा प्रश्न विचारला की पलीकडे एक सुटकेचा श्वास ऐकू येतो. पुष्कळ लोकांना ‘आता जमत नाही’ सांगायचं असतं आणि कुणी विचारलेलंच नसतं. वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन करूनही उचलला नाही तर ओळीची अवस्था ‘सक्रिय’वरून ‘संपर्क नाही’. वेबसाइटला जाणाऱ्या शीटमध्ये सूत्रातच अट घालून ठेवायची की ‘शेवटची खात्री’ ही तारीख आजपासून ३६५ दिवसांपेक्षा जुनी असेल तर ती ओळ आपोआप दिसेनाशी व्हावी. पहिल्या वर्षी यामुळे पान भकास दिसतं. विश्वस्तांना ते आवडत नाही, ‘एवढेच का?’ असं विचारतात. दीडशे भुतांपेक्षा चाळीस जिवंत माणसं बरी, हे त्यांना सांगायला सचिवांच्या अंगात थोडा खमकेपणा लागतो.

आणि खरोखर गेलेली माणसं. दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना एकदम जातात आणि एका घरातून उत्तर येतं, ‘हे गेल्या वर्षी गेले. त्यांचा फोन मी वापरते.’ कार्यालयातल्या माणसाचा हात त्या ओळीवर अडतो, ती पुसायची कशी? पुसायची नाही. अवस्था ‘दिवंगत’, नंबर आणि पत्ता रिकामा, निरोपांच्या यादीतून बाहेर. नाव आणि कामाची वर्षं मात्र दुसऱ्या पानावर तशीच. घरच्यांना एक फोन करून विचारावं, नाव ठेवू का. ‘नको’ म्हणणारं घर क्वचितच निघतं. पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नये.

सोडून जाणाऱ्या जिवंत माणसांच्या बाबतीत कुणाचा हात अडत नाही, म्हणून तिथे जास्त गोंधळ होतो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिलं जातं आणि त्याच्या फोनवर संस्थेच्या शीटची मालकी तशीच राहते. खाजगी जीमेलवरच्या शीटची मालकी संस्थेच्या वर्कस्पेस खात्याला थेट देता येत नाही, प्रत करून घ्यावी लागते. ही प्रत तो असतानाच करावी. दोन वर्षं न वापरलेली खाजगी खाती गूगल काढून टाकू शकतं, आणि फॉर्म तयार करण्यापुरतं उघडलेलं ते जुनं खातं कुणाच्याच लक्षात नसतं. खात्यात शिरताना येणारा ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो, वेबसाइटचं नाव दरवर्षी कुणाच्या कार्डवरून नूतनीकरण होतं, ग्रुपचे ॲडमिन कोण, हे शीटच्या एका वेगळ्या पानावर लिहून ठेवावं. माणूस गेला की त्याच दिवशी ते पान उघडायचं. रुसून गेला असेल तर जरा लवकर.

पावसाळ्यापूर्वीच्या फेरीनंतर यादी कागदावर छापायची, हे ऑनलाइन डिरेक्टरीच्या उत्साहात विसरलं जातं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं तेव्हा वीज गेली आणि मोबाइलचं नेटवर्कही गेलं. त्या वेळी ढगात ठेवलेली यादी ढगातच राहते. ए-फोरवर एका पानाला पस्तीस-चाळीस ओळी धरल्या तर दोनशे नावं पाच-सहा पानांत येतात. वाडीवार लावायची, आडनावाप्रमाणे नाही, कारण नेटवर्क नसताना नंबरापेक्षा घर कुठे आहे ते कामाला येतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापल्याची तारीख. प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक प्रत कार्यालयात, एक उंचावरच्या एखाद्या घरात, एकेक प्रत प्रत्येक विभागप्रमुखाकडे; कुणाकडे कितवी प्रत ते लिहून. पुढच्या वर्षी नवी देताना जुनी परत घ्यायची आणि कार्यालयातच बारीक फाडून टाकायची. रद्दीत द्यायची नाही. दोनशे घरांचे नंबर भज्यांच्या पुडीवर छापून फिरलेले कुणालाच परवडणार नाहीत.